रोजच्या प्रसंगातून विश्वासाचा बोध: पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी

पीठ मळणारी बाई, घरात हरवलेलं नाणं, मध्यरात्री तीन भाकरी मागायला दार ठोठावणारा शेजारी, मजुरीवरून कुरकुरणारे मजूर. येशूने देवाच्या राज्याविषयी बोलताना घेतलेली ही उदाहरणं स्वयंपाकघरातली, अंगणातली, बाजारातली आहेत. ऐकणाऱ्यांनी ती रोज पाहिली होती, पण त्यांत देवाविषयी काही दडलंय असं कुणाला वाटलं नव्हतं. आपल्याकडेही ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांनी मराठी माणसाच्या ओठांवरचा अभंगच ख्रिस्तभक्तीसाठी वापरला. आपल्या मातीतून, आपल्या दिवसातून देवाकडे पाहायची सवय मराठी ख्रिस्ती घरांना नवी नाही.

पण ही सवय नव्याने लावून घेणाऱ्याची पहिल्याच आठवड्यात गडबड होते. एक तर काहीच सुचत नाही, नाहीतर प्रत्येक गोष्टीत देवाचा संदेश दिसू लागतो. दोन्हींमागे कारण एकच असतं: प्रसंग नीट पाहायच्या आधीच बोधाकडे धाव घेतलेली असते. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये पाहण्याला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे.

लागतं काय

शंभर पानी वही, पेन आणि समासात संदर्भ दिलेलं मराठी बायबल. मोबाइलवरचं बायबल चालतं, पण लिहायला वहीच बरी, कारण फोन हातात घेतला की पाच मिनिटांत भलतंच काहीतरी उघडलेलं असतं. रोजची पंधरा मिनिटं पुरतात. ती संध्याकाळी, जेवणाआधी घ्या. वसईकडच्या घरांत रोजरीची, म्हणजे मणी ओढत करायच्या मरियेच्या प्रार्थनेची, वेळ असते, नगरकडच्या घरांत कुटुंबप्रार्थनेची. तिच्या आधीची किंवा नंतरची पंधरा मिनिटं सगळ्यांत टिकतात. अंथरुणावर पडून करायचं ठरवलंत तर तिसऱ्या दिवशी झोप लागेल आणि चौथ्या दिवशी सवय मोडेल.

सोबत एक शुभवर्तमान, म्हणजे येशूचं जीवन सांगणारं बायबलमधलं पुस्तक, वाचायला घ्या. मार्कचं सगळ्यांत लहान, सोळा अध्याय. रोज अर्धा अध्याय वाचलात तर महिनाभरात पूर्ण होतं. हे वाचन टाळू नका. जे वचन कधी वाचलंच नाही ते प्रसंग घडल्यावर आठवणार कुठून? कॅथलिक वाचकांनी त्या दिवसाच्या मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वाचनं घेतली तरी चालेल.

पहिली पायरी: एकच प्रसंग निवडा

सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून सरकू द्या. उठणं, चहा, प्रवास, काम, दुपार, परतणं. हे करताना आधी आभार माना, मग दिवस दाखव अशी देवाला विनंती करा. इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात दिवसाच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या घालून दिल्या: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमायाचना आणि उद्याचा निश्चय. त्यांनी स्थापलेल्या येशूसंघाचे (जेझुइट) लोक आजही ते करतात. त्यात आभार पहिले आहेत, यामागे शहाणपण आहे. चुकांपासून सुरुवात केली की मन स्वतःची वकिली करू लागतं आणि पुढचं काही दिसत नाही.

उजळणी करताना मन जिथे अडखळेल तो प्रसंग घ्या. राग आला, लाज वाटली, हेवा वाटला, अचानक बरं वाटलं, डोळे भरून आले, अशी कुठलीही जागा चालेल. मोठा प्रसंग शोधू नका. अपघातातून वाचणं किंवा परीक्षेचा निकाल यांवर बोध काढणं सोपं वाटतं, पण तिथे भावना इतक्या जोरात असतात की नवख्या माणसाला त्यापलीकडचं काही दिसत नाही. रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून झालेली हुज्जत सुरुवातीला जास्त शिकवते.

दुसरी पायरी: देवाचं नाव न घेता प्रसंग लिहा

पाच-सहा ओळी. कोण होतं, काय घडलं, कोण काय बोललं, हातात काय होतं. विशेषणं नकोत, बोध नको, देवाचं नावही नको. विचित्र वाटेल, पण हा मार्ग पवित्र शास्त्रातलाच आहे. नीतिसूत्रे २४:३०-३४ काढून पाहा. लिहिणारा आळशी माणसाच्या शेताजवळून जातो. त्याला काटे दिसतात, खाजकुइली दिसते, दगडी कुंपण पडलेलं दिसतं. मग तो थांबतो, जे दिसलं ते मनावर घेतो, आणि त्यानंतरच बोध येतो. पाच ओव्यांमधल्या दोन पाहण्यात आणि थांबण्यात गेल्या आहेत.

नवखे लोक इथेच घाई करतात. "आज ऑफिसात सैतानाने माझी परीक्षा पाहिली" असं पहिलंच वाक्य असतं. ते वाचून प्रत्यक्ष काय झालं हे कळत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही पुढे काही सापडत नाही, कारण निकाल आधीच लागलेला असतो. त्याऐवजी असं लिहा: "तीन वर्षं मी या विभागात आहे. एप्रिलमध्ये आलेल्या मुलाला माझ्याएवढाच बोनस मिळाला. त्याने पेढे आणले. मी घेतला नाही, शुगर आहे म्हणालो. शुगर नाही." हे शेवटचं वाक्य लिहिलं गेलं की अर्धं काम झालं.

तिसरी पायरी: आपला वाटा ओळखा

लिहिलेल्या ओळींखाली दोनच प्रश्न. मला तेव्हा नेमकं काय वाटलं? आणि त्यात माझं काय होतं? भावनेला एक शब्द द्या. "वाईट वाटलं" पुरेसं नाही. हेवा होता, अपमान होता की भीती, ते ठरवा. वरच्या उदाहरणात हेवा आहे आणि एक लहानसं खोटं आहे. दुसऱ्याचा वाटा इथे लिहायचा नाही. साहेबांनी पक्षपात केला की नाही हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्यासाठी वेगळी जागा आहे.

चौथी पायरी: वचनाजवळ न्या

वचन शोधायच्या तीन वाटा आहेत. वस्तूवरून: पीठ, बी, दिवा, नाणं, विहीर. परिस्थितीवरून: वाट पाहणं, मजुरी, भांडण, पाहुणे. किंवा व्यक्तीवरून: या प्रसंगात मी कुणासारखा वागलो? उधळ्या मुलाच्या दाखल्यातल्या, धाकट्याच्या स्वागतावर रुसलेल्या थोरल्या भावासारखा की येशू घरी आलेला असताना कामातच गुंतलेल्या मार्थेसारखा? तिसरी वाट सगळ्यांत जवळची, पण त्यासाठी बायबलमधली माणसं ओळखीची हवीत. सुरुवातीला वस्तू आणि परिस्थिती यांवरून जा. बायबलच्या मागे शब्दसूची असेल तर तिथे शब्द शोधा, नसेल तर पाळकांना किंवा फादरांना विचारा. असं विचारलेलं त्यांना आवडतं.

बोनसच्या प्रसंगाला मत्तय २०:१-१६ जवळचं आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत मजूर बोलावत राहतो. शेवटचे येतात तेव्हा उन्हं उतरलेली असतात, तासाभराचंच काम उरलेलं असतं. मजुरी सगळ्यांना एकच, एक दीनार. शिवाय धनी मुद्दाम शेवटच्यांपासून वाटायला सुरुवात करतो, म्हणजे पहाटे आलेल्यांना सगळं दिसावं. कुरकुर सुरू होते आणि धनी विचारतो, मी उदार आहे म्हणून तुझ्या डोळ्यांत खुपतं का?

आता इथे सांभाळायला हवं. हा दाखला पगाराचं धोरण सांगत नाही. "मालक देईल ते मुकाट घ्यावं" असा बोध काढलात तर येशूच्या तोंडी तुम्ही स्वतःचं वाक्य घातलंत. मजुरांना अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असं याकोबाच्या पत्रात (५:४) स्पष्ट लिहिलं आहे. पगाराबद्दल खरंच अन्याय झाला असेल तर साहेबांशी बोला. दाखला बोट ठेवतो ते दुसऱ्याचं भलं पाहून वाकड्या होणाऱ्या नजरेवर.

म्हणून नियम असा: वचन मिळालं की आधीच्या आणि नंतरच्या दहा ओव्या वाचा. कोण बोलतंय, कुणाला, कशावरून, हे तीन प्रश्न विचारा. दोन वचनांच्या बाबतीत तर हे हमखास राहून जातं. यिर्मया २९:११, तुमच्या हिताच्या योजना मी जाणतो, हे नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी स्टेटसला ठेवलं जातं. ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या अलीकडचीच ओवी सांगते की सुटकेला सत्तर वर्षं लागतील. ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांनी परतीचा दिवस पाहिला नसणार. दुसरं फिलिप्पैकरांस ४:१३. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो, हे प्रेषित पौल कैदेतून लिहितो, आणि त्याच्या आधीच्या ओवीत भूक आणि पोटभर जेवण दोन्हींत राहायला शिकलो असं सांगतो. ते यशाचं वचन नाही, टिकून राहण्याचं आहे. असं वाचलं की वचन लहान होत नाही. उलट मुलाखतीत नापास झालेल्यालाही ते धरता येतं.

एक पूर्ण उदाहरण: विरजण

रात्री अर्धा लिटर दूध कोमट करून त्यात चमचाभर दही घातलं, ढवळलं, झाकून ठेवलं. सकाळी दही लागलं. यावर नवख्याचा बोध ठरलेला: "देवाचं राज्य लहानातून मोठं होतं." चूक नाही, पण हे कुठल्याही दिवशी, दही न लावताही म्हणता आलं असतं. प्रसंगाने त्यात काही भर घातली नाही.

आता नीट पाहा. दूध जास्त गरम असेल तर विरजणातले जंतू मरतात आणि सकाळी दूध दूधच राहतं. अगदी गार असेल तर काम इतकं हळू चालतं की थंडीत दुपार उजाडते. विरजण एका कोपऱ्यात टाकून चालत नाही, सगळ्या दुधात मिसळावं लागतं. आणि एकदा मिसळलं की हात लावायचा नाही. लागलं का म्हणून दर तासाला भांडं हलवलं तर ते मोडतं आणि पाणी सुटतं.

मग मत्तय १३:३३ काढा. बाई तीन मापं पिठात खमीर, म्हणजे पीठ फुगवणारं आंबवण, मिसळते. तीन मापं म्हणजे एका घराच्या जेवणाचं पीठ नव्हे, पंगतीचं आहे. अब्राहामाच्या तंबूत पाहुणे आले तेव्हा त्याने सारेला तीन मापंच पीठ मळायला सांगितलं होतं (उत्पत्ती १८:६). खमीर त्या एवढ्या पिठात दिसेनासं होतं आणि सगळं फुगेपर्यंत काम करतं.

समजा हे लिहिणाऱ्या आईचा कॉलेजातला मुलगा हल्ली उपासनेला येत नाही, आणि ती दर रविवारी सकाळी त्याच्या खोलीच्या दारात उभी राहून तेच बोलते. तिसऱ्या पायरीत तिने भावना लिहिली: भीती. तिचा बोध असा निघू शकतो: "मी मिसळायचं ते लहानपणापासून मिसळलं आहे; आता मी दर आठवड्याला भांडं हलवते आहे." हा बोध तिच्या स्वयंपाकघरातून आणि वचनातून एकाच वेळी आला आहे, आणि तो मुलाबद्दल नाही, तिच्याबद्दल आहे.

याच खमिराचा दुसरा अर्थही शास्त्रात आहे. परूश्यांच्या (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या) खमिरापासून जपा, असं येशू मत्तय १६ मध्ये म्हणतो आणि तिथे त्यांच्या शिकवणीबद्दल बोलतो. पौल करिंथकरांस लिहितो की थोडं खमीर सगळा गोळा फुगवतं, ते मंडळीत चालू दिलेल्या पापाबद्दल. सोसायटीच्या ग्रुपवर एका कुटुंबाविषयी पसरलेल्या अफवेत तुम्हीही एक ओळ घातली असेल, तर त्या दिवशी मत्तय १३ नव्हे, ही वचनं तुमची. एका वस्तूला कायमचा एक अर्थ चिकटवू नका. त्या दिवशी काय घडलं त्यावर ते ठरतं.

पाचवी पायरी: एक वाक्य, एक कृती

बोध एकाच वाक्यात लिहा आणि त्याचा कर्ता "मी" ठेवा. "माणसाने हेवा करू नये" हे वाक्य खोडा. "दुसऱ्याला मिळालेलं मी माझ्यातून गेलेलं समजतो" हे ठेवा. "लोकांनी", "आजच्या पिढीने", "मंडळीतल्या काही जणांनी" अशी सुरुवात झाली की बोध भरकटला समजा.

मग चोवीस तासांत जमेल अशी एक कृती. लहान हवी, आणि झाली की नाही हे सांगता येईल अशी हवी. "जास्त प्रेमाने वागेन" हे मोजता येत नाही. "उद्या त्या मुलाचं नाव घेऊन अभिनंदन करेन", "या रविवारी दारात उभी राहणार नाही, त्याच्या आवडीचा नाश्ता झाकून ठेवून उपासनेला जाईन", हे चालतं. खाली दोन-तीन ओळींची प्रार्थना, तुम्ही घरात बोलता त्या भाषेत. दुसऱ्या दिवशी वही उघडताना आधी कालच्या कृतीसमोर झाली किंवा नाही एवढंच लिहा. झाली नसेल तर कारणमीमांसा नको, तीच कृती पुन्हा ठेवा. तीन दिवस झाली नाही तर ती फार मोठी निवडली आहे, अर्धी करा.

कुठे चुकतं

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते दुसऱ्याच्या दुःखातून बोध काढल्याने. कुणाचं मूल दगावलं, कुणाचं घर पुरात गेलं, आणि कुणीतरी म्हणतं, देवाला यातून काही शिकवायचं असेल. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न येशूनेच विचारला आणि उत्तरही दिलं: नाही (लूक १३:४-५). जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी पाप कुणाचं म्हणून विचारलं, तेव्हाही त्याने तो हिशेब मोडून काढला (योहान ९:३). मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. ते बरोबर होतं. आठव्या दिवसापासून त्यांनी बोध सांगायला सुरुवात केली, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. दुःखातल्या घरी जा, चहा करून द्या, बसा. बोध त्या घरातल्या माणसाला सापडला तर तो त्याचा. तुमचा नाही.

दुसरी चूक शकुन पाहण्याची. सिग्नल हिरवा मिळाला म्हणजे देवाची संमती, लाइट गेले म्हणजे नकार. ही सवय आपल्या आजूबाजूला फार जुनी आहे आणि ख्रिस्ती शब्द लावले म्हणून ती बदलत नाही. प्रसंगातून निर्णय काढू नका, स्वभाव पाहा. घर घ्यायचं की नाही, लग्नाला होकार द्यायचा की नाही, यासाठी प्रार्थना, वचन, जाणत्यांचा सल्ला आणि कागदपत्रं.

तिसरी, क्षमेच्या बोधाची घाई. घरात मारहाण होत असेल आणि वहीत रोज "मी आणखी सहन केलं पाहिजे" असं येत असेल, तर ती वही बंद करा आणि विश्वासातल्या माणसाशी बोला, पोलिसांकडे जा. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं, असं शास्त्रात कुठेही नाही.

आणि काही दिवशी काहीच सापडत नाही. तेव्हा प्रसंग लिहा आणि खाली जागा मोकळी सोडा. ओढूनताणून बोध लिहिलात तर पुढे खऱ्या बोधावरचाही विश्वास उडतो. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही, तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे. अशा दिवसांसाठी ते वाचा.

आठवड्याची उजळणी आणि इतरांना सांगणं

शनिवारी रात्री सात पानं एकदम वाचा. एकच भावना पुन्हा पुन्हा येते आहे का? एखाद्या माणसाचं नाव चार दिवस आलं आहे का? महिनाभरानंतर दिसणारी ही पुनरावृत्ती कुठल्याही एका दिवसाच्या बोधापेक्षा मोलाची असते. पापनिवेदनाला किंवा पाळकांशी बोलायला जाताना तेच घेऊन जा.

कुटुंबप्रार्थनेत किंवा तरुण संघात सांगायचं झालं तर तीन मिनिटं धरा: एक मिनिट प्रसंग, एक मिनिट वचन, एक मिनिट तुम्ही काय करणार ते. प्रसंगात दुसरं कुणी असेल तर आधी त्याची परवानगी घ्या. नाव बदलून भागत नाही, शंभर घरांच्या मंडळीत सगळे सगळ्यांना ओळखतात. नवऱ्याची किंवा सासूची चूक साक्षीत सांगायची नाही, ती कितीही बोधप्रद असली तरी. घरात लहान मुलं असतील तर त्यांना बोध विचारू नका. "आज काय पाहिलंस?" एवढंच विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. मुलाने मुंग्यांची रांग सांगितली तर नीतिसूत्रे ६:६ तुम्ही वाचून दाखवा आणि तिथेच थांबा. बाकीचं त्याच्या डोक्यात चालू राहू द्या.